मॉरिशसच्या बसने धबधब्याला

जावयाला मॉरिशसच्या एका कापड गिरणीत नोकरी लागली, तेव्हा आमच्या बुऱ्हाणपूरची लूमवर काम केलेली माणसं कुठं कुठं जाऊ लागली होती. लेक त्याच्याबरोबर गेली. फोन केला की म्हणायची, "सगळं ठीक आहे." एवढंच. ही मुलगी बुधवाऱ्याच्या बाजारात भाजीवाल्याशीसुद्धा बोलायची नाही, माझ्या मागे उभी राहायची. शिंप्याच्या दुकानात मापं देतानाही मीच बोलायची. त्यामुळे तिच्या 'ठीक आहे'वर माझा विश्वास नव्हता. मी बघायला गेले. मनात ठरवून गेले होते की पोरगी तिथं कुढत असेल तर सोबत परत आणायची, मग कोणी काहीही म्हणो.

जावई दिवसभर गिरणीत. घरात लेक नीट वागत होती, पण घरात कोणीही नीट वागतं. परतायच्या दोन दिवस आधी ती म्हणाली, "आई, धबधबा दाखवते. बसने जाऊ, टॅक्सीवाले फार घेतात."

बस स्टँड स्वच्छ होतं. लेक मला लोखंडी कठड्याजवळ उभं करून दालपुरी आणायला गेली. तेवढ्यात एक रिकामी बस आली. रांगेतली माणसं जागची हलली नाहीत. मला वाटलं, काय भोळी माणसं आहेत. आमच्याकडे रावेरची बस लागली की खिडकीतून रुमाल, टॉवेल, पिशवी, काय हाती येईल ते सीटवर टाकायचं आणि मग निवांत दारातून चढायचं. टाकलेल्या रुमालाला सगळे मान देतात. मी वळसा घालून पलीकडे गेले, उघड्या खिडकीतून हात घालून दोघींच्या सीटवर पिशवी ठेवली. दाराकडे येईपर्यंत बस निघाली. तिचं दार उघडलंच नव्हतं.

पिशवीत पासपोर्ट होता.

लेक कागदात गुंडाळलेल्या पुऱ्या घेऊन आली. "आई, पिशवी कुठंय?"

"सीट धरली."

"कुठल्या बसमध्ये?"

मी रस्त्याकडे बोट दाखवलं. तिनं रांगेतल्या बाईला काही विचारलं. ती बाई आधी माझ्याकडे बघून हसली, मग तिनं काहीतरी सांगितलं.

"ती गाडी गॅरेजला चालली आहे," लेक म्हणाली. "आई, हे काय बुऱ्हाणपूरचं स्टँड आहे? सामान सीटवर बसून गेलं, आपण इथंच."

मला वाटलं, आता ही रडेल. जावयाला फोन करायचा तर गिरणीतून बोलावतील की नाही कोण जाणे. मी म्हटलं, "चल, मी बोलते त्या खिडकीतल्या साहेबांशी." पण कुठल्या भाषेत बोलणार होते?

"तू इथंच थांब. आणि आता काही टाकू नको कुठं," असं म्हणून लेक बसच्या वेळा नोंदणाऱ्या टाइमकीपरच्या खिडकीशी गेली. मी कठड्याला धरून ऐकत होते. एक शब्द कळत नव्हता. तो मान हलवत होता, नाही म्हणत होता. ती मागे हटली नाही. हात खिडकीच्या फळीवर ठेवून, आवाज न चढवता पुन्हा तेच सांगत राहिली. शेवटी त्यानं फोन उचलला. बोलता बोलता तो माझ्याकडे बघून हसला, तीही हसली. माझ्यावरच हसत होते, पण त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही.

"येते आहे पिशवी," ती परत येऊन म्हणाली. "दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर. तोपर्यंत पुरी खा."

"काय सांगितलंस त्याला?"

"की माझी आई शहाणी आहे, फक्त घाई फार करते."

पुऱ्या संपल्यावर पिशवी आली. पासपोर्ट, चष्मा, घडी घातलेला टॉवेल, सगळं जागच्या जागी. ड्रायव्हरला तिनं काहीतरी म्हटलं, त्यानं मला नमस्कार केला. मग आमची बस लागली आणि आम्ही रांगेतून चढलो. बसायला जागा भरपूर होती.

बसमधून उतरून उसाच्या शेतांमधून खाली चालत गेलो तर खाली काळ्या दगडाचे चौकोनी खांब आणि त्यांवरून पडणारं पाणी. फार उंच नव्हता धबधबा. मी पाण्यात पाय सोडून बसले. परदेशात आल्यापासून पहिल्यांदा पाठ सैल झाली.

लेकही शेजारी तशीच पाय सोडून बसली. म्हणाली, "आई, तू मला न्यायला आली होतीस ना?"

"हो."

"मग?"

"मग काय. एकटीच जाईन."

 ती पाण्यातून पाय काढून, पुसून चपला घालू लागली, कारण परतीची शेवटची बस लवकर होती.