अंथुर्ण्याला उतरलेलं विमान

बारामती सोडून पाच मिनिटं झाली नसतील, तोच मी कंडक्टरला विचारलं, "अंथुर्णे आलं का?"

"ताई, गाडी आत्ता तर ष्टँडातनं निघाली," तो म्हणाला. शेजारची बाई हसली. माझा स्वभावच उतावळा, आणि त्या दिवशी तर बूड टेकतच नव्हतं.

पिशवीत एका इंग्रज वैमानिकाच्या उड्डाणवहीचे फोटो होते. त्याच्या नातीने विलायतेहून पाठवलेले; ती त्याचं चरित्र लिहिते आहे. पहिल्या महायुद्धात हा पठ्ठ्या विशीत, लाकूड-कापडाच्या विमानातून फ्रान्सवर उडाला, दोनदा कोसळला, दोनदा वाचला. दुसऱ्या महायुद्धात केस पिकल्यावर आपल्या पोरांना उडायला शिकवायला इकडे आला. खोटं कशाला बोलू, वाचताना मलाही तो आवडू लागला होता. मग ते पान आलं. 'इंदापूर तालुक्यात अंथुर्ण्याजवळ शेतात उतरावं लागलं. इंजिन बंद. मेकॅनिकचा हलगर्जीपणा.'

तो मेकॅनिक म्हणजे माझे आजोबा; पुढे लिहिलेल्या नावावरूनच त्या नातीने आम्हाला शोधून काढलं होतं. त्यांची नोकरी गेली. पुन्हा त्यांनी पान्याला हात लावला नाही, आणि आमच्या घरी खंडेनवमीला तो पाना कधी पूजेत मांडला गेला नाही. माझे वडील, अण्णा, आता शहाऐंशीचे आहेत. निघताना एवढंच म्हणाले, "चांगलं-वाईट काहीही निघो, मला खरं सांग."

घाई नडलीच. एक फाटा आधी उतरले आणि दोन्हीकडच्या उसातून दोन किलोमीटर तंगडतोड केली. दुधाचे कॅन लावलेला एक मोटारसायकलवाला थांबला, त्याला विमान कुठे उतरलं होतं ते विचारलं.

"इमानवाल्यांकडं व्हय? डेअरीपासनं आत वळा."

विमानवाले आबा नव्वदी ओलांडलेले. अंगणात त्यांची सून खंडेनवमीसाठी अवजारं धूत होती. खुरपी, कुऱ्हाड, ट्रॅक्टरचे पाने, आणि त्यांतच विमानाच्या लाकडी पंख्याचा हातभर तुकडा, जुन्या कुंकवाने लाल झालेला.

"हासुद्धा पुजता?"

"तर! आमच्या वावरात मोडला, मंजी आमचाच की," आबा म्हणाले.

समोर बाजरीची भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत आलं. शेवटी विचारलंच, "आबा, विमान पडलं कशानं?"

"पडलं न्हाय, उतरीवलं. बाया खुरपत हुत्या, तर सायबानं बांधाकडं वळीवलं आन् पंखा मोडून घेतला. भला मानूस. मी दहा वर्सांचा, समदं बघितलं."

"आणि इंजिन?"

"इंजनाला काय बी झालं न्हवतं. तवा राकेल मिळंना, म्हून आमच्या बानं टाकीखाली डबा लावला. थेंब न्हाय! मामलेदार आलं, तेंच्यापाशी सायब सोता मोडक्या हिंदीत बोल्ला, वाट चुकलो, फिरत ऱ्हायलो, तेल सपलं."

मला रडू आलं आणि संतापही आला. वरिष्ठांना वाट चुकलो सांगितलं असतं, तर त्या वयात त्याला पुन्हा उडू दिलं नसतं, हे कळत होतं. पण खुरपणाऱ्या बायकांसाठी जीव धोक्यात घालणारा माणूस वहीत दोन ओळी लिहिताना इतका भित्रा व्हावा?

परतीच्या गाडीत मी त्याच्या नातीला दोन्ही गोष्टी लिहिल्या, वळवलेलं विमान आणि रिकामी टाकी. एक छापून दुसरी गाळू नकोस, असंही लिहिलं.

पुण्याला पोचल्यावर चपला न काढताच अण्णांना सांगितलं.

"बाबांना हे कधी कळलंच नाही गं," ते म्हणाले. "कुठला नट ढिला राहिला, ते शेवटपर्यंत आठवत बसायचे."

खंडेनवमीला त्यांनी माळ्यावरचा पाना उतरवायला लावला. गंज स्वतः पुसला. हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि म्हणाले, "बाबा, सगळे नट घट्ट होते."