तळपट म्हणजे काय

कोर्टात टंकलेखिका म्हणून बाईंची सव्वीस वर्षं गेली. जो जे बोलेल ते जसंच्या तसं उतरवायचं, हा तिथला नियम. त्यामुळे घरात कुणाला साधं 'मूर्ख'ही न म्हटलेल्या बाईंच्या बोटांखालून यच्चयावत शिव्याशाप गेले होते. सुरुवातीला कान तापायचे. आता नुसती मान दुखायची.

त्या दुपारी आरोपीच्या पिंजऱ्यात एक म्हातारी उभी होती. जिन्यातल्या कचऱ्यावरून शेजारणीशी तिचं वाजलं, तोंडून शाप गेला, आणि चारच दिवसांनी शेजारणीचा मुलगा बांधकामाच्या परांचीवरून पडला. पाय मोडला. शेजारणीने धमकीची फिर्याद ठोकली.

"नेमकं काय म्हणालात?" न्यायाधीशांनी विचारलं.

"साहेब, तुमच्यासमोर कसं बोलू?"

"बोला. लिहून घ्यायचंय."

म्हातारीने मान खाली घातली. "तुझं तळपट होवो, म्हणाले."

तळपट म्हणजे काय, यावर दोन वकिलांचे तीन अर्थ निघाले. कंटाळून साहेबांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही रोज लिहिता. तुम्हीच सांगा."

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "समूळ नाश, साहेब. मागे काही उरू नये असा. पण हा शब्द मी शे-दोनशे वेळा तरी लिहिलाय. ज्याच्या हातात काही करणं असतं तो 'बघून घेईन' म्हणतो. तळपट म्हणणाऱ्याच्या हातात काहीच नसतं."

"आणि त्या पोराला मी जन्मापासून 'मेल्या'च म्हणते," म्हातारी पुटपुटली. "माझ्याच मांडीवर वाढलाय तो."

साहेबांनी ही धमकी नव्हे असं सांगून फिर्याद निकाली काढली. बाई कागद ओढून काढणार, तोच म्हातारी टेबलाशी आली.

"शब्द मागे घेतला, हेही लिहा ना."

"त्याची गरज नाही, आजी."

"तुम्हाला नसेल."

बाईंची बोटं आखडली होती. अजून चार प्रकरणं बाकी होती. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी होकारार्थी मान हलवली. 'आरोपीने आपला शाप मागे घेतला,' बाईंनी लिहिलं.

शेजारीण वाकून ती ओळ वाचायला आली. दोनदा वाचली. मग म्हातारीची पिशवी हातात घेऊन ती पुढे चालू लागली.

बाईंनी मान चोळली आणि नवा कागद लावला.