तोफेचे सासू-सासरे

बेघरांच्या निवाऱ्याची देखरेख करणाऱ्या बाईला सगळे तोफ म्हणत आणि तिला ते आवडे. बायकांच्या हॉलमध्ये कुणी दुसरीची चादर ओढली, तर ती दारातूनच अशी कडाडे की पुरुषांच्या हॉलमधले घोरणारेही गप्प होत. लग्न तिनं केलं नव्हतं. विचारलंच कुणी, तर म्हणे, "पुढं आला तो बहिरा होता. मला ऐकणारा हवा होता."

निवारा नगरपालिकेच्या अनुदानावर चाले. अट होती, पुरुष एका हॉलमध्ये, बायका दुसऱ्या. अटीत वावगं काही नव्हतं, बायकांना निर्धास्त झोप लागे ती त्यामुळंच. पण एक म्हातारं जोडपं आलं आणि घोडं अडलं. मुलांनी त्यांची वाटणी केली होती, आई थोरल्याकडे, बाप धाकट्याकडे. ती वाटणी सोसेना म्हणून दोघांनी दोन्ही घरांना रामराम ठोकला होता. इथंही तेच म्हटल्यावर म्हातारीनं बाहेरच्या पायरीवर फतकल मारली.

तोफेचं डोकं सणकलं. जिन्याखाली तिची स्वतःची खोली होती, नियमानं कर्मचारी आणि त्याच्या कुटुंबासाठी. तिनं आपली वळकटी उचलून बायकांच्या हॉलमध्ये जमिनीवर टाकली आणि किल्ली म्हातारीच्या हातात कोंबली.

पुढच्याच आठवड्यात तपासणीचे साहेब आले. अनुदान चालू ठेवायचं की नाही, हे त्यांच्या हातात. जिन्याखालच्या खोलीत डोकावून त्यांनी विचारलं, "हे कोण?"

"माझे सासू-सासरे."

"तुमचं तर लग्न झालेलं नाही!"

"नवरा तेवढा राहिलाय. बघा तुमच्या ऑफिसात कुणी असला तर."

साहेबांसोबत आलेला शिपाई खोकल्याच्या निमित्तानं बाहेर सटकला. साहेब लालबुंद झाले. "अनुदान बंद करीन."

अनुदान गेलं तर सगळेच रस्त्यावर. पण मागं सरेल ती तोफ कसली!

"निवाऱ्याला हात लावू नका. चूक माझी, मला काढा. मग मीही बेघर. बेघराला खाट द्यायची हा तुमचाच नियम. आत्ता जमिनीवर झोपते, उद्या ऐटीत खाटेवर झोपेन. हलायची मात्र नाही."

साहेबांनी मोर्चा म्हाताऱ्याकडे वळवला. "आजोबा, पुरुषांच्या हॉलमध्ये खाट रिकामी आहे. जायला काय हरकत आहे?"

"धाकट्याकडेही होती, साहेब," म्हातारा म्हणाला. "गादीसुद्धा नवी होती."

म्हातारीनं त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. साहेब क्षणभर तिच्या बोटांकडे बघत राहिले.

"महिन्याभरानं परत येणार आहे मी," ते दाराकडे वळत म्हणाले. "तेव्हा या खोलीत कोण राहतंय ते बघतो."

"या की," तोफ म्हणाली. "सासूबाई चहा करतील."