बिननावाची सव्वा मूठ

पाण्याच्या मोटारीचं वाइंडिंग करणारे धुळ्यात पुष्कळ आहेत, पण प्रेमराजसारखा नाही. माझ्या पाठचा भाऊ आहे म्हणून सांगत नाही, कोणालाही विचारा. कंपनीचा माणूस ज्या मोटारीला भंगार म्हणून जातो, ती आमचा प्रेमराज उघडतो, जळालेली तार उपसतो, नवी भरतो, आणि तीच मोटार पुढं वर्षानुवर्षं पाणी ओढते. आमच्या घरात आठवीच्या पुढं कोणी गेलं नाही, पण हातात कसब आहे आणि मान ताठ आहे. साक्रीकडच्या शिवारात आमचं नाव निघालं तर माणूस उभं राहून बोलतो.

एवढं असून त्याचं लग्न जमेना. मुलीवाले यायचे, चहा प्यायचे, त्याच्या नखातलं काळं ग्रीस बघायचे आणि घरी जाऊन निरोप पाठवायचे की मुलीला पुण्यात राहणारा पाहिजे. असं करत चाळिशी उलटली. प्रेमराजनं मग मुली बघायला जाणंच सोडलं.

साक्रीच्या एका पिठाच्या गिरणीची मोटार जळाली तेव्हा तो तिथं गेला. गिरणी रत्ना चालवायची. बापाची गिरणी, बाप थकलेला. रत्नाचं आधी चाळीसगावला लग्न झालं होतं. बरीच वर्षं नांदली, मूल झालं नाही, म्हणून तिला माहेरी आणून घातली आणि नवऱ्यानं दुसरी केली. तेव्हापासून भुवयांवर पीठ घेऊन ती गिरणीत उभी.

मोटार एका खेपेत दुरुस्त झाली. तरी प्रेमराज पुढच्या आठवड्यात पट्टा बघायला गेला. त्याच्या पुढच्या आठवड्यात आवाज ऐकायला गेला.

"ओ भाऊ," रत्ना म्हणाली, "मोटार तर झकास चालतेय. आज काय बिघडलं?"

"भाऊ म्हणतेस तेवढंच बिघडलंय," प्रेमराज म्हणाला.

दळण घेऊन बसलेल्या बायका हसल्या. रत्नानं गिरणी बंद केली नाही, पण डबा भरून पीठ खाली सांडलं तरी तिला कळलं नाही.

लग्नाआधी तिनं त्याला स्पष्ट सांगितलं, "मला मूल होत नाही असं लोक म्हणतात. नंतर म्हणू नका की सांगितलं नव्हतं."

"लोक काय म्हणतात त्यावर मी मोटारसुद्धा भंगारात टाकत नाही," तो म्हणाला. "उघडून बघतो."

"मी मोटार आहे का?"

"नाही. मोटार इतकं बोलत नाही."

तो चव्वेचाळीसचा, ती एकेचाळीसची. लग्न असं लावलं की गावानं बघत राहावं. आणि नंतर चाळीसगावकडून एक गोष्ट कळली. त्या पहिल्या नवऱ्याच्या दुसरीलाही मूल झालेलं नव्हतं. झालं, तिथून या दोघांच्या मनात आशा शिरली. दोष आपल्यात नव्हताच, असं रत्ना आरशात बघून म्हणायची. प्रेमराज दुकानात मोटारीवर वाकलेला असताना मध्येच हसायचा.

पण वय कोणासाठी थांबत नाही. वर्ष गेलं, दुसरं गेलं. मग धुळ्याची डॉक्टरीणबाई, सुया, गोळ्या, पोटावर निळे डाग. प्रेमराज स्वतः सुई टोचायला शिकला. बारीक तार ओढणारा हात, कधी थरथरला नाही. एकदा टेस्ट ट्यूबचा गर्भ पोटात ठेवला, राहिला नाही. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा ठेवताना डॉक्टरीणबाई म्हणाली, "रत्नाताई, हा शेवटचा. आता शरीर पुढं साथ देणार नाही, मी खोटी आशा लावत नाही." रक्त तपासायला सोमवारी यायचं ठरलं.

आणि नेमकी त्याच्या आदल्या रविवारी कानबाई आली.

कानबाई ही आमची खानदेशची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिला घरात बसवायची, सोमवारी वाजतगाजत नदीवर पोचवायची. तिच्या नैवेद्याला रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, करतात. आमच्याकडं रोटाचे गहू असे घेतात, की घरातल्या दर माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ सुपात टाकायची. टाकलेली मूठ परत काढायची नाही. आणि रोट घराबाहेर द्यायचा नाही, टाकायचा नाही, पाण्यात सोडायचा नाही. घरच्यांनीच खाऊन संपवायचा.

शुक्रवारी आमची माय, झुंबरबाई, सूप घेऊन बसली. एकेकाचं नाव घेत मूठ पडत होती. प्रेमराजची पडली, रत्नाची पडली. माय सूप उचलणार, तोच प्रेमराजनं पोत्यात हात घातला आणि सव्वा मूठ आणखी टाकली.

मायनं वर बघितलं. "हाई कोना नावनी?"

"नाव नाही अजून," प्रेमराज म्हणाला.

रत्ना दाराशी उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला.

"येडा व्हयना का रे?" माय म्हणाली.

पण गव्हात गहू मिसळला होता. कोणाचा दाणा कोणता, आता देवीलाही सांगता आलं नसतं.

बाहेर आल्यावर रत्ना त्याला म्हणाली, "सोमवारपर्यंत थांबायचं होतं हो."

"मला वाटलं, देवीनं मूठ मोजून घेतली तर तिला द्यावंच लागेल."

रत्नानं त्याच्या शर्टाला चिकटलेला भुसा झटकला, आणि तिचा हात तिथंच छातीवर थोडा वेळ राहिला.

शनिवारी साक्रीची तिची गिरणी धुऊन पुसून फक्त रोटाच्या दळणाला ठेवली होती. तिला वजन उचलायची मनाई, म्हणून प्रेमराजनं गहू ओतले. ती फक्त पुढं बसली. गरम पीठ पडायला लागलं तसा तिनं खाली हात धरला आणि धरूनच ठेवला. डोळे मिटलेले. प्रेमराजला वाटलं, बाई पोर न्हाऊ घालताना पाणी असंच बघते.

रविवारी सकाळी घरात पुरण शिजत होतं. कानबाईच्या नारळाला डोळे लावले होते, नथ लावली होती, नवं लुगडं नेसवलं होतं. माझी बायको नूतन हाक मारत होती, "रत्ना, ये ना लवकर, पुरण लागतंय खाली."

रत्ना आली नाही. ती मागच्या ओट्यावर, गोठ्याच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून बसली होती. प्रेमराज गेला.

"काय गं, चक्कर येतेय का?"

"जवळ येऊ नका. शिवू नका मला."

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो खाली बसला, तिच्यापासून हातभर लांब.

त्यानं डॉक्टरीणबाईला फोन लावला. बाई म्हणाली, कधी कधी थोडं लाल दिसतं, गोळी चालू ठेवा, सोमवारी या. प्रेमराजनं तेवढंच पकडलं. "थोडं दिसतं म्हणे. थोडंच आहे ना?"

रत्ना त्याच्याकडं बघत राहिली. "तुम्ही मला विचारू नका."

घरात बायकांना न सांगता समजलं. देवीच्या कामातून ती बाजूला बसली म्हणजे सांगायला उरलंच काय. भाऊबंदांतली धुरपदाकाकू नूतनच्या कानाशी म्हणाली, "मूठ घाईनं टाकली ना, देवीला आवडत नाही." नूतननं तिला पुरणाची कढई हातात दिली आणि म्हणाली, "काकू, हे घोटा, तोंड आपोआप बंद राहील."

त्या दिवशी मायनं रोट थापले. सगळ्यांचे मोठे. आणि शेवटी उरलेल्या पिठाचा एक तळहाताएवढा, वेगळा. कोणाला न दाखवता तो टोपल्याच्या कडेला ठेवला.

सोमवारी दोघं मोटारसायकलवर धुळ्याला गेले. दुपारी फोन आला तेव्हा ते दवाखान्याबाहेर रसवंतीच्या बाकड्यावर बसले होते. प्रेमराजनं फोन कानाला लावला, "हो बाई, हो," म्हणाला, आणि खिशात ठेवला. रसाचा ग्लास भरलेलाच होता. रत्नानं विचारलं नाही. तिनं ओढणी डोक्यावरून घेतली आणि त्याच्या मागं गाडीवर बसली. येताना तिचं कपाळ त्याच्या पाठीला टेकलेलं होतं, आणि शर्ट ओला होत गेला. त्यानं गाडी एकदाही थांबवली नाही, कारण थांबलो तर उठायचं कसं, हे त्याला माहीत नव्हतं.

ते पोचले तेव्हा कानबाईला पोचवून मंडळी परत आली होती. अंगावर गुलाल, बँडवाले पैसे मागत होते. प्रेमराज दरवर्षी बँडपुढं असा नाचतो की पंचक्रोशी बघायला येते. या वर्षी त्याच्या शर्टावर गुलालाचा ठिपका नव्हता.

रत्ना तशीच मागच्या ओट्यावर गेली, बाकी सगळे रोट खायला बसले. संपले. टोपल्यात तो लहानगा उरला.

"ज्याचं नाव नाही, त्याचा रोट कोण खाणार?" धुरपदाकाकू म्हणाली. "देवीबरोबर पाण्यात सोडायला हवा होता."

"रोट पानीमा सोडतस का कोठे?" माय म्हणाली. तिनं तो रोट उचलला, प्रेमराजच्या हातात दिला आणि मागच्या दाराकडं मान केली. "तिले दे. तुमनाच शे तो."

"अगं पण ती बाजूला बसलीय, प्रसाद कसा..." काकू म्हणाली.

"मी देवीले सांगसू काय सांगानं ते." मायचा आवाज फाटला. आमच्या मायपुढं कोणी बोलत नाही.

प्रेमराज मागच्या ओट्यावर गेला आणि या वेळी रत्नाच्या अगदी खेटून बसला. तिनं सरक म्हटलं नाही. त्यानं रोट मोडला, अर्धा तिच्या हातावर ठेवला.

"हा त्याचा आहे?" तिनं विचारलं.

"हो."

"मायनं वेगळा केला?"

"हो."

ती सावकाश खायला लागली. तो आपला तुकडा हातात धरून बसला होता.

"खा ना."

"उतरत नाही खाली."

"मग इकडं द्या. मी खाते. टाकायचा नसतो."

तेव्हा त्यानं तोंडात घातला. चावत राहिला, चावत राहिला, आणि गिळताना त्याच्या तोंडातून असा आवाज निघाला की गोठ्यातल्या गायीनं मान वळवली. एवढा धडधाकट माणूस, उभ्या धुळ्यात ज्याच्या हाताला तोड नाही.

रत्नानं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला.

"आता पुन्हा मूठ टाकू नका," ती म्हणाली.

"नाही टाकणार."

तिनं ओढणी तळहातावर झटकली. कण निघाले, ते वेचून खाल्ले. मग म्हणाली, "खाली काही पडलंय का बघा."

प्रेमराज ओट्यावर गुडघे टेकून वाकला आणि फरशीवरून बोट फिरवत बघू लागला. तिथं काही नव्हतं. तरी तो बघत राहिला.