कोळ्यावर आलेला आळ

हसनाबाद माझं सासर. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी एका सकाळी सासरे उठले, तर वरचा ओठ टम्म सुजलेला आणि मिशीखाली बारीक फोड.

"झोपंत कोळी मुतला तोंडावर," सासूबाईंनी निदान केलं. मी आणि जाऊबाई केरसुण्या घेऊन जळमटांमागे लागलो. दुपारपर्यंत घरात एक कोळी उरला नाही.

सूज मात्र उतरेना. दुसऱ्या दिवशी मी सासऱ्यांसोबत भोकरदनला दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी मिशी निरखून पाहिली.

"कलप कधी लावला?"

"परवा," सासरे माझ्याकडे न बघता पुटपुटले. "धाकट्यासाठी पोरगी बघाया जायचंय."

डॉक्टरांनी मलम दिलं आणि कलपाला हात लावू नका म्हणून बजावलं.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "काय म्हणले डॉक्टर?"

सासऱ्यांनी एकवार माझ्याकडे पाहिलं. मी नवी सून, खाली मान घालून उभी राहिले.

"कोळीच व्हता म्हणले."

"मंग! मी कालपासून तेच सांगून राह्यले," सासूबाई खूश झाल्या. माळा झाडायचा राहिला होता, म्हणून त्यांनी आम्हा दोघी जावांना शिडी लावून वर चढवलं.