दोन डिस्कवरचा आवाज

कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान माझं, आणि तोंड फटकळ. लेथवाल्याला तर मी पहिल्याच दिवशी झापलं होतं.

कारखान्यात लेथ चालवणारा हा माणूस. लग्न केलं नाही, थोरल्या बहिणीबरोबर दोन खोल्यांत राहायचा. ताई बस स्टँडवर गाड्या पुकारायची. तिच्या आवाजाने झोपलेला ड्रायव्हरसुद्धा दचकून उठायचा. तिच्याच घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, म्हणाले डॉक्टर. मग ऑपरेशनआधी तीन आठवडे या दोघांनी खिडक्या लावून, पंखा बंद करून, घामाघूम होत अकराशे शब्द आणि वाक्यं रेकॉर्ड केली. 'पाणी दे'पासून 'गाढवा, जेवलास का?'पर्यंत. पुढे ताईने बटण दाबलं की कॉम्प्युटर तिच्या आवाजात बोलणार होता.

"डिस्क बिघडली तर?" म्हणून तो माझ्याकडे आला. "दोन डिस्कवर एकदमच लिहायची ती 'रेड' नावाची सोय कॉम्प्युटरच्या मदरबोर्डावरच असते म्हणे. तेवढ्याने भागेल?"

"भागेल, कपाळ! बोर्ड जळला की बस शोधत तसलाच बोर्ड. त्या कामाचं वेगळं कार्ड घे."

तासभर मी कार्डाचं पुराण लावलं. वर तसलंच आणखी एक कार्ड कपाटात ठेवायला लावलं. निघताना त्याने विचारलं, "म्हणजे ताईच्या आवाजाच्या दोन प्रती झाल्या ना?"

दुकानात गर्दी होती. मी म्हटलं, "हो रे बाबा, हो."

ऑपरेशननंतर चार महिने ताई बटणं दाबून भावाला झापत होती. मग एकदा तो फसलेल्या रेकॉर्डिंगचं फोल्डर पुसायला बसला आणि पुसलं चांगल्या रेकॉर्डिंगचंच. घाबरला नाही, दुसऱ्या डिस्कवर आहेच की! मोकळ्या झालेल्या जागेत ताईसाठी सिनेमे भरले, आणि कॉम्प्युटर उचलून माझ्याकडे आला. "दुसरी प्रत काढून दे."

आरशासमोर मिशी काढली की आरशातल्याचीही जाते. एका डिस्कवर पुसलं ते दुसरीवरही त्याच क्षणी पुसलं गेलं होतं. एक प्रत वेगळी काढून ठेव, हे एक वाक्य मी त्या तासाभरात बोललो नव्हतो. कार्ड शाबूत होतं, कपाटातलं कार्डही शाबूत होतं.

त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याने कॉम्प्युटरची वायर नीट गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवली.

अकरा दिवस खटपट केली. तुकडे निघाले, 'पा', 'गाढ', बाकी खरखर. अख्खी फाइल एकच मिळाली.

मीच कॉम्प्युटर घेऊन घरी गेलो. ताई खुर्चीत बसली होती, गळ्याला रुमाल. "ताई, चूक माझी. याने विचारलं होतं, मी उगाच हो म्हणालो," एवढं बोललो आणि मला रडू फुटलं.

तिने उरलेलं एकच बटण दाबलं.

"राहू दे." खणखणीत, स्टँडभर ऐकू जाईल असं.

लेथवाल्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग डोळे पुसून म्हणाला, "चहा टाकू, ताई?"

तिची मान हो म्हणाली. बोट मात्र पुन्हा त्याच बटणावर गेलं.

"राहू दे."