गयामावशीची बारकी पांढरी गोळी

ही गोष्ट माझ्या बायकोलाही माहीत नाही. तुम्हाला सांगतोय — कावून? तुमचं माझ्या दुकानात येणं-जाणं नाही, म्हणून असेल. यापेक्षा चांगलं कारण शोधू नका.

पाटोद्यात माझं मेडिकल आहे. गावाकडं डॉक्टर हाताशी नसला की मेडिकलवालाच डॉक्टर होतो, आणि मला ते आवडायचं. ‘तुमच्या हाताला गुण हाय’ म्हणत माणसं लांबून यायची. मी फुगायचो — आता लपवून काय उपयोग?

गयामावशी माझी सख्खी मावशी. जन्म मेंढरांमागं चालण्यात गेला, गुडघे पार कामातून गेलेले. कुणा डॉक्टरची चिठ्ठी नसताना मी तिला एक बारकी पांढरी गोळी सुरू केली. स्टेरॉइड. चार दिवसांत मावशी चालायला लागली आणि अख्ख्या वस्तीत माझं नाव झालं. चार दिवसांचे चार महिने झाले, मग वर्षं. तिचं तोंड गोल दिसायला लागलं, तर लोक म्हणायचे, भाच्याच्या गोळीनं म्हातारीनं अंग धरलं. ते अंग नव्हतं, सूज होती. मला कळत होतं — आणि मी पुढची पट्टी देत होतो.

आता एवढं समजून घ्या, नाहीतर मी काय केलं ते कळायचं नाही. आपलं शरीर कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन बनवतं. मोठ्या आजारात माणूस तग धरतो तो त्याच्या जोरावर. पण गोळीतून तेच काम रोज आयतं होत राहिलं, की शरीर ते बनवायचं सोडून देतं. अशा माणसाची गोळी ऐन आजारात एकदम बंद पडली तर — तर काय होतं, ते मी परीक्षेत लिहिलेलं आहे. मार्कही मिळाले होते.

मागच्या हिवाळ्यात मावशीला फ्लू झाला आणि छातीत उतरला. तिचा मुलगा किसनदादा मेंढरं घेऊन लांब गेलता. मग मी आणि त्याची बायको, कौसावहिनी, असं दोघांनी तिला बीडला एका दवाखान्यात नेलं. घरची गोळी तिथं बंद पडली, आणि दुसऱ्या दिवशी बीपी काही केल्या वर येईना. सलाईनवर सलाईन चाललेलं. तिथल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या, पण नजर पक्की. मावशीचं गोल तोंड, हातावरची पातळ कातडी बघून त्यांनी विचारलं, घरी स्टेरॉइडची गोळी चालू होती का?

वहिनीच म्हणाली, “आत्याबाई रोज बारकी पांढरी गोळी खात्यात. भावजी देत्यात की.”

मॅडम माझ्याकडं वळल्या. किती वेळ गेला असेल — दोन सेकंद? तेवढ्यात मला दुकान दिसलं, लायसन्स दिसलं, वस्तीवरची माणसं दिसली. मावशी समोरच पडली होती. ती दिसली नाही.

“कॅल्शियम आहे ते,” मी म्हणालो. “मी फार्मासिस्ट आहे, मॅडम.”

ते दुसरं वाक्य जास्त वाईट. त्याच्यावर त्यांनी विश्वास ठेवला. शंका पुरती गेली नसावी, कारण कॉर्टिसॉल तपासायला रक्त पाठवलं. पण रिपोर्ट बाहेरच्या लॅबमधून यायचा होता, आणि फ्लूत उगाच स्टेरॉइड दिलं तर नुकसान होतं, म्हणून त्या थांबल्या. मी बाहेर बाकड्यावर बसून होतो. आत जायला दहा पावलं होती — नाही गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी गेली.

लॅबला नंबर माझाच दिलेला, म्हणून रिपोर्ट संध्याकाळी माझ्या मोबाईलवर आला. कॉर्टिसॉल जवळजवळ नव्हतंच. मी तो पुसून टाकला. नंतर दवाखान्यातून दोनदा फोन आला, तो उचलला नाही.

खरं बोललो असतो तर वाचली असती का? वय झालेलं, आजार मोठा — असं मनाला सांगून बघतो. पण जे स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायला पाहिजे होतं, ते त्याच दवाखान्यात होतं. फक्त मी तोंड उघडायला पाहिजे होतं. लाज वाटते, आणि लाजेपेक्षाही स्वतःची घाण वाटते.

किसनदादा परत आला आणि त्यानं ठरवून टाकलं, बायकोनं उशीर केला. तीन दिवस खोकत असताना आईला घरीच ठेवली. दहाव्याला चार माणसांत तसं बोलला. मी तिथंच बसलो होतो.

परवा दोघं मेंढरांचं औषध न्यायला दुकानात आली. कशावरून तरी विषय निघाला आणि दादा म्हणाला, “हिनं टायमावर नेली असती तर माझी आई आज असती.” वहिनी खाली बघत उभी राहिली. मी काय म्हणालो माहिताय?

“जाऊ दे, दादा. माफ कर वहिनीला आता.”

वहिनीनं मान वर केली. मी तिच्यावर उपकार केल्यासारखं तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मी बघू दिलं.